नॉयफेनचा गड आणि मनीचं साक्षगंध

ती. बाबा व सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जर्मनीतल्या थंडीची काळजी करू नका, घरात हीटर असतो. आईनं दिलेलं तिखट अजून पुरतंय. कंपन्या माणसं काढताहेत हे काकांनी मोबाइलवर पाहिलं असेल, पण आमच्या विभागात तसं काही नाही. सध्या तरी नाही.

रविवारी होहेननॉयफेनचा गड पाहिला. एकटा गेलो म्हणून रागावू नका. म्हातारी माणसंसुद्धा काठ्या टेकत चढतात, आणि वर पडक्या गडातच हॉटेल आहे. लोक तटाशी बसून बिअर पितात. (मी कॉफी घेतली.) ७४३ मीटर उंचीवर, कड्याच्या अगदी टोकाला गड, खाली उतारावर द्राक्षांचे मळे. जुन्या युद्धात शिबंदीनं वर्षाहून जास्त वेढा सोसला, १६३५ साली शरण आली. तरी गड उभाच होता. १८०१ मध्ये इथल्याच राजवटीनं तो पाडायला काढला आणि आजूबाजूच्या लोकांनी चिरे नेऊन घरं बांधली. भिंतीत तुळयांची चौकोनी भोकं तेवढी उरलीत. बाबा, आपला गाविलगड इंग्रजांच्या वेलस्लीनं १८०३ साली तोफा लावून घेतला, पण दिल्ली दरवाजावरचं गंडभेरुंड, ते दोन तोंडांचं पाखरू, अजून जागेवर आहे. तुम्ही मला खांद्यावर घेऊन दाखवलं होतं.

खरं तर शनिवारीच जाणार होतो, पण माझी झाडायची पाळी होती. हे नीट सांगतो, नाहीतर आईला वाटेल पोराला झाडूवाला केला. या भागात बिल्डिंगमधल्या घरांना आठवड्याआठवड्यानं पाळी येते. दारावर पाटी लटकते, ती आली की जिना पुसायचा, बाहेरचा फुटपाथ झाडायचा, हिवाळ्यात बर्फही काढायचा. डॉक्टर असो की ड्रायव्हर, सुटका नाही. जिना आरशासारखा लख्ख असला तरी पुसायचा! खालच्या मजल्यावरच्या आजी कठड्याच्या खालून बोट फिरवून पाहतात. झालं की पाटी शेजाऱ्याच्या दाराला. पैसे देऊन बाई लावावी म्हटलं, तर आजी आठवडाभर बोलल्या नाहीत.

संत्र्याच्या आंबिया बहाराची गळ झाली हे मनीकडून कळलं. तुम्ही का नाही सांगितलं? बेपाऱ्याला बगीचा घाईनं देऊ नका. सोसायटीचा हप्ता आणि साक्षगंधाच्या खर्चाचे मिळून दीड लाख तुमच्या खात्यात टाकलेत.

साक्षगंधाला मला येता येणार नाही. सुटी मागितली होती, खरंच. तिकिटाचे वाचले तेही त्यातच घातलेत, मनीला चांगला शालू घ्या. लग्नाला नक्की येतो. पाहुण्यांना सांगा, भाऊ कामात आहे. विसरला असं कोणी म्हणू नये.

आई, अकोल्याच्या मुलीचा बायोडाटा पाहिला. नाही म्हणत नाही, पण आधी मनीचं होऊ दे.

बाबांच्या गुडघ्याचा एक्सरे काढला का, ते मनीला फोनवर सांगायला लावा. तुम्ही दोघं खरं सांगत नाही.

तुमचा,
बंडू