न्याहारीच्या ताटलीत पापपुण्य नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांमधून न्याहारीविषयी जे लेखन सातत्याने प्रसिद्ध होत असते, त्याच्या सुराविषयी मला काही निवेदन करायचे आहे. या लेखांतील माहिती पुष्कळदा बरोबर असते, त्यामुळे माझी तक्रार माहितीबद्दल नाही. पदार्थांची सात्त्विक आणि पापी अशी वाटणी करून वाचकाला रोज सकाळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, तिच्याबद्दल आहे. ओट्स, चिया आणि हिरवी स्मूदी एका बाजूला; पातळ भाजी-पाव, पुरी, मिरची भजी आणि बन दुसऱ्या बाजूला. पहिल्या यादीतील पदार्थ डिचोलीच्या किंवा पेडण्याच्या बाजारात सकाळी सहजी मिळत नाहीत आणि दुसऱ्या यादीतील पदार्थांवरच निम्म्या गोव्याची सकाळ उजाडते, याचा विचार सल्ला देणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. परिणाम असा झाला आहे की भाजी-पाव कोणी सोडलेला नाही. तो खाताना मात्र लोक आता स्वतःला दोष देतात, सोबत्याला ‘आजच्या दिवस, उद्यापासून बंद’ असे सांगतात आणि घरी गेल्यावर काय खाल्ले ते लपवतात.

मी अनेक वर्षे उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांना गृहविज्ञान शिकवले आहे. अपराधी वाटले तर माणूस आपोआप कमी आणि चांगले खाईल, हे या सगळ्या लेखनामागचे गृहीतक आहे आणि ते तपासून पाहण्याची गरज आहे. १९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग या विषयात अभिजात मानला जातो. चव पारखण्याच्या निमित्ताने काही जणींना आधी मिल्कशेक देण्यात आला आणि नंतर हवे तेवढे आइस्क्रीम खाण्याची मुभा देण्यात आली. एरवी खाण्यावर फारसे निर्बंध न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर साहजिकच कमी आइस्क्रीम खाल्ले. जे सतत मोजूनमापून खात होते, त्यांनी मात्र मिल्कशेक प्याल्यानंतर उलट अधिक खाल्ले. नियम एकदा मोडलाच आहे, तर आजचा दिवस गेलाच, हा त्यामागचा हिशेब. आपल्याकडे सकाळी दोन पुऱ्या जास्त झाल्या म्हणून दुपारचे जेवण टाळणारी आणि संध्याकाळी पाच वाजता फरसाणाचा डबा रिकामा करणारी व्यक्ती याच हिशेबाने चाललेली असते.

न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो. चॉकलेट केक म्हटल्यावर तुमच्या मनात अपराधाची भावना येते की आनंदाची, असे त्यांनी लोकांना विचारले. ज्यांच्या मनात अपराध होता, त्यांचा आरोग्यदायी खाण्याचा निश्चय इतरांपेक्षा अधिक पक्का नव्हता, आपल्या खाण्यावर आपला ताबा आहे असेही त्यांना कमी वाटत होते आणि त्यांच्यापैकी ज्यांना वजन घटवायचे होते त्यांना कमी यश आले. अशा एखाद्या अभ्यासाने प्रश्न कायमचा सुटतो असे मी म्हणणार नाही. परंतु अपराधीपणा हे औषध आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तरी त्याचा गुण आल्याचा पुरावा द्यायला हवा, आणि तो माझ्या वाचनात आलेला नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते गोव्यात. देशाची सरासरी ११.४ टक्के असताना आपल्या प्रौढ लोकसंख्येत ते २६.४ टक्के होते, म्हणजे चारांत एकाहून अधिक. अशा राज्यात मैद्याच्या पावाची वकिली करणे बेजबाबदारपणाचे नव्हे काय? मला वाटते, नेमके याच राज्यात अपराधीपणाचे दुष्परिणाम सर्वांत गंभीर आहेत.

मधुमेही माणूस लाजतो तेव्हा काय होते, हे कोणत्याही डॉक्टरांना विचारावे. तपासणीच्या आधी चार दिवस तो कडक पथ्य पाळतो, उपाशीपोटीची साखर बरी येते आणि तो निश्चिंत होतो. मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी केली की खरे काय ते बाहेर पडते. मग तो ‘मी काही खातच नाही’ असे सांगतो, आणि डॉक्टर त्या उत्तरावर विश्वास ठेवून औषधाचे प्रमाण ठरवू लागले तर ते चुकण्याचा संभव असतो. याहून धोक्याची गोष्ट म्हणजे प्रायश्चित्त म्हणून न्याहारी बुडवणे. इन्सुलिन घेणाऱ्या किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने औषध घेऊन खाणे टाळले, तर रक्तातील साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, भोवळ येते, आणि दुचाकीवर असताना हे घडले तर काय होईल ते सांगायला नको. रात्रीच्या लग्नाच्या जेवणाची भरपाई म्हणून सकाळी केवळ काळा चहा घेणाऱ्यांना हा धोका कोणी समजावून सांगत नाही, कारण न खाणे हे आपल्याकडे नेहमीच पुण्याच्या खात्यात जमा होते.

न्याहारीला हे नैतिक वजन कोठून आले, याचा इतिहास मनोरंजक आहे. मिशिगनमधील बॅटल क्रीक येथील आरोग्यधामाचे प्रमुख जॉन हार्वे केलॉग यांची ठाम समजूत होती की मसालेदार आणि चमचमीत अन्नाने वासना चाळवतात आणि बेचव अन्नाने त्या शमतात. कॉर्नफ्लेक्सचा जन्म या विचारसरणीच्या छायेत झाला. न्याहारी हे दिवसातील सर्वांत महत्त्वाचे खाणे आहे, हे वाक्यही १९१७ साली त्यांनी संपादित केलेल्या आरोग्यविषयक मासिकात आढळते, आणि १९४४ साली अमेरिकेतील एका मोठ्या खाद्यकंपनीने आपली तृणधान्ये खपवण्यासाठी चांगल्या न्याहारीची जाहिरात मोहीमच काढली. पुढे २०१९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मेलबर्न येथील मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी १३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला, त्यात न्याहारी करणारे दिवसभरात सरासरी २६० कॅलरी अधिक घेतात आणि न्याहारीमुळे वजन घटते असा आधार मिळत नाही, असे दिसले. या चाचण्यांचा दर्जा फारसा चांगला नव्हता, हेही त्या संशोधकांनीच नमूद केले आहे. म्हणजे न्याहारी न करणारा पापी नाही आणि करणाराही संत नाही.

आपल्या आजोळी तर सकाळचा हा एकच ठरलेला विधी नव्हताच. शेतावर गेलेल्या माणसांसाठी दहा-अकराच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज येई, तोंडी लावायला लोणचे, मिठातली कैरी किंवा सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर असे. नाचणीचे तिजाण, म्हणजे पातळ खीर, मुलांना आणि बाळंतिणीला मिळे. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा वाजला की उंडे आणि कोंड्याची पोळी घरात येई. कामाप्रमाणे वेळ ठरे आणि भुकेप्रमाणे वाढणी. आज बैठे काम करणाऱ्याने शेतकऱ्याच्या वाढणीची पेज खावी असे मी सुचवत नाही. परंतु तेव्हा भूक लागली की नाही हा प्रश्न विचारण्याची जी रीत होती, ती आपण सोडली आणि तिच्या जागी कॅलरी मोजणारे अॅप आणले.

माझी अपेक्षा अशी आहे की आरोग्य पुरवणीने आमच्याच ताटलीविषयी आमच्याशी बोलावे. पावासोबत येणारी पातळ भाजी वाटाण्याची, चवळीची किंवा मुगाची असते, कधी अळसांद्यांचे तोणक असते. कडधान्यांतील प्रथिनांमुळे आणि तंतूंमुळे पावातील साखर रक्तात तुलनेने सावकाश उतरते, हे कोणी का लिहीत नाही? चार पाव आणि अर्धी वाटी भाजी याऐवजी दोन पाव आणि पुरती वाटीभर उसळ, सोबत काकडी-कांदा, हा बदल फोंड्याच्या कोणत्याही हॉटेलात आजच्या आज होऊ शकतो आणि त्यासाठी परदेशी बियांचा डबा लागत नाही. पोळी घेताना ती खरोखर गव्हाच्या पिठाची आहे की मैद्याच्या गोळ्यावर कोंडा भुरभुरला आहे, हे पोदेराला विचारावे, असेही सांगता येईल. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तिजाणात गूळ किती घालायचा एवढेच मधुमेह्याला समजावायचे आहे. नारळाबाबत मात्र मी सरसकट कौतुक करणार नाही, कारण खोबऱ्यातील स्निग्धांश बहुतांशी संपृक्त असतो आणि ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे त्यांनी वाटपाचे प्रमाण पाहायला हवे. मिरची भजी रोज खाण्याची वस्तू नाही, हे ती खाणाऱ्यालाही ठाऊक असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत एकूण ऊर्जेतील धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपुरता ठेवून कडधान्ये आणि भाज्या वाढवण्यास सांगितले आहे. हे सगळे कोणाचीही मान खाली न घालता सांगता येते.

जुलै २०२५ मध्ये सामोसा आणि जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा छापणार, अशी बातमी देशभर पसरली होती. कार्यालयांत तेल आणि साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्याची ती सूचना होती, भारतीय खाद्यपदार्थांविरुद्ध ती नाही, असा खुलासा केंद्र सरकारला करावा लागला. तोपर्यंत चेष्टेला ऊत आला होता आणि सामोशात तेल किती, हा मूळ उपयुक्त प्रश्न बाजूला पडला होता.

या सगळ्याचा भार बायकांवर आणि मुलींवर अधिक पडतो, हे मला विशेष नमूद करायचे आहे. चतुर्थीला जी आत्या आग्रह करकरून ताटात नेवरी वाढते, तीच दिवाळीत दुदातले फोव वाढताना ‘अंगाने भरलीस गो’ असे चारचौघांत म्हणते. सोळा वर्षांची मुलगी या दोन वाक्यांच्या मध्ये सापडते. ती सकाळी न खाता विद्यालयात येते, मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये घाईघाईने खाते आणि मग दिवसभर स्वतःवर चिडलेली असते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग झाला, तेव्हा ते तरुण दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले आणि निर्बंध उठल्यावर त्यांच्यापैकी काहींना खाणे थांबवता येईना. ते स्वेच्छेने आले होते आणि मानसिकदृष्ट्या सक्षम म्हणून निवडलेले होते. आपल्या मुलींना आळशी किंवा हावरट ठरवण्याआधी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी पालकांसाठी कामाची एक सोपी वाटणी सांगितली आहे. काय, केव्हा आणि कोठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलावर सोडावे. आपल्या घरांत नेमके उलट चालते. मूल काय मागेल ते पाकीट त्याला मिळते आणि मग ‘ताट स्वच्छ कर’ म्हणून दटावणी होते. जिथे खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणे, लपून प्रमाणाबाहेर खाणे किंवा जेवण सतत टाळणे अशी लक्षणे दिसतात, तिथे प्रश्न पथ्याचा उरत नाही; टेलीमानस या केंद्र सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो आणि बांबोळीची मनोरुग्ण संस्था आपल्या हाताशी आहे. हा क्रमांक आहारविषयक प्रत्येक लेखाखाली चौकटीत छापावा, अशी माझी विनंती आहे.

आणखी एक विनंती चतुर्थीच्या पुरवणीपुरती. दरवर्षी विसर्जनानंतर शरीर आतून ‘स्वच्छ’ करणाऱ्या रसांच्या कृती छापल्या जातात. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे बारा महिने करीत असतात, त्यांना दुधीच्या रसाची मदत लागत नाही. त्याऐवजी ती जागा सणाच्या आधी एखाद्या मधुमेहतज्ज्ञांना द्यावी. पूजा आटोपून पान मांडेपर्यंत आपल्याकडे दुपारचे दोन-अडीच वाजतात, घरातील वडीलधारी माणसे तोवर उपाशी असतात आणि सकाळची गोळी सवयीने घेतलेली असते. त्या दिवशी गोळीचे काय करायचे, पूजेआधी काय आणि किती खाल्लेले चालते, खतखते आणि उसळ आधी वाढून भात व पातोळ्या मागाहून घेतल्याने काय फरक पडतो, हे त्यांनी चतुर्थीच्या किमान आठवडाभर आधी लिहिले, तर ज्यांना आपल्या डॉक्टरांना विचारून औषधाची वेळ बदलून घ्यायची आहे त्यांना तेवढा अवधी मिळेल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा