नव्या चलनाचे पहिले वाटप

महोदय,

आभासी चलनांच्या चर्चेत भाव चढला की उतरला एवढेच बोलले जाते. ते नाणे मुळात कोणाच्या हाती पडले, याची चौकशी सहसा होत नाही. बिटकॉइनचे नियम सर्वांना सारखे आहेत, हे खरे. परंतु जानेवारी २००९ पासून साधारण दर दहा मिनिटांनी ५० नवी नाणी निघत होती आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ही संख्या २५ वर आली, तोवर २ कोटी १० लाखांच्या एकूण मर्यादेपैकी निम्मी नाणी वाटूनही झाली होती. सुरुवातीला ती घरच्या साध्या संगणकावर ठरावीक आकडेमोड चालवून मिळत असत, मात्र हे ठाऊक असलेली माणसे फारच थोडी होती. इथेरियम या दुसऱ्या आभासी चलन-व्यवस्थेने २०१४ मध्ये केलेल्या पहिल्या विक्रीत तर तिचे नाणे, इथर, बिटकॉइन देऊनच घ्यावे लागत होते. म्हणजे जुने नाणे ज्याच्यापाशी, नवेही त्यालाच.

यावर दरडोई समान वाटप हा उपाय सुचवला जातो. तो मला अपुरा वाटतो. पश्चिम जर्मनीत जुने मार्क बाद करून नवे चलन आणले गेले, तेव्हा २० जून १९४८ रोजी, रविवारी, लोक शिधापत्रिकांच्या कार्यालयांपुढे रांगा लावून उभे राहिले आणि प्रत्येकाला ४० नवे मार्क मिळाले. आणखी २० पुढे देण्यात आले. वरवर पाहता याहून न्याय्य ते काय असणार? पण बँकेतल्या जुन्या १०० मार्कांचे अखेरीस जेमतेम साडेसहा झाले आणि जमीन, कारखाने, शेअर यांना मात्र धक्का लागला नाही. दुसऱ्याच दिवशी दुकानांच्या काचांमागे एकाएकी माल दिसू लागला, तो दडवून ठेवणाऱ्यांचेही फावले. नुकसान झाले ते पै-पै साठवणाऱ्यांचे. शेवटी १९५२ मध्ये कायदा करून, युद्धातून वाचलेल्या मालमत्तेच्या निम्म्या मूल्याइतका भार तीस वर्षांच्या हप्त्यांत वसूल करण्याचे ठरवावे लागले.

आभासी चलनांच्या बाबतीत असा कायदा करणार कोण, हे मला दिसत नाही. निदान आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी या चलनांचे भाव छापताना, प्रारंभीची नाणी किती होती आणि त्यांपैकी संस्थापकांनी व पहिल्या गुंतवणूकदारांनी किती राखून ठेवली, हेही त्याच तक्त्यात द्यावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक