बोट वाकतं म्हणून नस शाबूत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हात कापला की घरात एकच परीक्षा होते: "बोट वाकतंय ना? मग नस वाचली." माझी हीच परीक्षा दवाखान्यातही झाली, म्हणून हे पत्र.

मी शिवणकाम करते. विसळताना काचेचा पेला फुटला आणि उजव्या मधल्या बोटाच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूने, जेमतेम सेंटीमीटरभर चीर पडली. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी बोट वाकवायला सांगितलं, मी वाकवलं. तीन टाके घालून घरी पाठवलं.

टाके निघाले, जखम भरली. पण कात्री धरली की बोटात आतून कळ यायची, आणि मूठ उघडताना बोट अर्ध्यावर अडून 'टक्' करून सुटायचं. शेवटी हाताच्या सर्जनकडे गेले. त्यांनी आधी बाकीची बोटं सरळ दाबून धरून मधलं वाकवायला लावलं, मग मधला सांधा धरून नुसतं टोक. दोन्ही जमलं. मग त्यांनी आपलं बोट आडवं लावलं आणि म्हणाले, "आता जोर लावा." तेव्हा मात्र कळ आली.

आपण जिला नस म्हणतो ती ही कंडरा, टेंडन. ती पुरती तुटली तर अशा वेगवेगळ्या तपासणीत तिचा सांधा वाकत नाही, त्यामुळे कळतं. अर्धवट कापलेली वाकते, म्हणूनच निसटते. बोटाच्या मुळाशी दोन कंडरा एकाच अरुंद बोगद्यातून सरकतात. कापलेल्या कडेचा पापुद्रा त्या बोगद्याच्या तोंडाशी अडकतो.

मला वाटलं, आता शिवतील. (माझा धंदाच तो!) पण उघडून पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही, असं कळलं. जाडीच्या निम्म्याहून कमी कापली असेल तर बहुधा शिवत नाहीत. टाक्यांनी जागा फुगते, कंडरा आजूबाजूला चिकटते. साधारण ६० टक्क्यांच्या वर कापली असेल तर शिवतात: आतून मजबूत टाका आणि कडेने बारीक धावदोरा. मधल्या मापाला सर्जनगणिक मत वेगळं.

माझी एक तृतीयांश कापलेली निघाली. फक्त हात बधिर केला होता, मी जागी. कंडरा पांढरी, रेशमाच्या लडीसारखी चकचकीत, आणि एका बाजूला उसवलेल्या काठासारखा लोंबणारा तुकडा. तो छाटला, कड गुळगुळीत केली आणि मला म्हणाले, "वाकवा." दहा वेळा वाकवलं, एकदाही अडकलं नाही. दोन-तीन दिवसांत हलका व्यायाम सुरू झाला. कात्री मात्र सहा आठवडे बंद. शिवली असती तर तेवढेच आठवडे स्प्लिंट (हाताला आधाराची पट्टी) लागली असती आणि पुरता जोर लावायला तीन महिने.

पहिल्या डॉक्टरांवर राग नाही, घाईची वेळ होती. पण बोटाला विरोध करून पाहायला अर्धं मिनिटही लागत नाही. बोटाच्या दोन्ही कडांना स्पर्श कळतो का, हेही कुणी विचारलं नाही. शेजारून मज्जातंतू जातात. अर्धी कापलेली कंडरा नंतर जोर पडून पूर्ण तुटूही शकते. म्हणून घरी सोडताना कागदावर एवढं तरी लिहून द्यावं: जोर लावताना कळ आली, बोट अडकलं किंवा वाकेनासं झालं, तर लगेच परत या. माझ्या कागदावर टाके काढायची तारीख होती, बस्स.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक