जांभळ्या दोऱ्याचा रफू

नागपूर
नवतप्याचा तिसरा दिवस

प्रिय सुमे,

दिवाळीपासून तुला पत्र नाही, ठाऊक आहे मला. शिव्या नंतर दे. गुडघे आहेत तसेच, शुगर गोळीवर आहे. बाहेर पारा पंचेचाळिसावर, कूलर नुसती वाफ फेकतो, आणि मी अशात इस्त्री तापवून बसले आहे. कारण ऐक.

पोरीला सातवा लागला. बाळासाठी आपली वाकळ नको म्हणते, मोबाइलवर पाहिलेली नऊ-नऊ चौकोनांच्या ब्लॉकची हवी. म्हटलं, त्यात काय मोठं! आपल्या आयांनी गोधडीला कधी टेप लावली नाही. लुगडी अंथरायची, कोपऱ्यावर वरवंटा ठेवायचा आणि कडेनं धावदोरा घालत आत आत जायचं. इथे मात्र साडेतीन इंचांचे नऊ चौकोन, पाव इंच शिलाई. पहिल्या ओळीच्या शिलाया उजवीकडे दाबायच्या, मधलीच्या डावीकडे, म्हणजे सांधे एकमेकांत बसतात. ब्लॉक भरायला हवा साडेनऊ इंच. माझा भरला नऊ! मशीनच्या पायाला कड धरून शिवत गेले, आणि तो पाय निघाला सूतभर जास्त. एक सूतच गं, पण शिलाई दोन्ही तुकड्यांतून खाते. दोन शिलायांत अर्धा इंच स्वाहा. पाटीवरची गणितं कोण कोणाची बघायचं, त्याचा निकाल लागला एकदाचा.

तर उसवायला ब्लॉक उलटा केला, आणि मधल्या चौकोनावर रफू दिसला. नखाएवढा. जांभळ्या दोऱ्याचा.

मोरपंखी चौकडीचं लुगडं, सुमे. इतवारीत एकाच दिवशी, एकाच थप्पीतून आपल्या दोघींच्या आयांनी घेतलेलं. वाळत घातलं की कोणाचं कोणतं यावरून भांडण ठरलेलं, आणि तुझे बाबा ओट्यावरून ओरडायचे, "घेऊन जा गे मारबत दोन्हीही!" माझ्या फुलझडीनं त्यातलं एक जळलं. कोणाचं, यावर आपण दहावीपर्यंत भांडलो. माझं म्हणणं, आमचंच जळलं, मारही मीच खाल्ला, मग तू कशाला गळा काढतेस. तुझ्या लग्नाच्या आदल्या रात्रीसुद्धा तू म्हणालीस, "आमचं होतं." मी हसले होते.

पण जांभळा दोरा आमच्याकडे कुठून येणार गं? आईकडे पांढरा आणि काळा, संपला विषय. रिळांचा डबा काकूंचा, तुझ्या आईचा. ब्लाऊज त्या शिवायच्या.

घर सोडताना तू बोचकं माझ्याकडे टाकलंस, "नंतर नेते" म्हणालीस. माळ्यावर ते आणि आईचं कधी एक झालं, मला कळलंसुद्धा नाही. आईचं समजून मी बेधडक कात्री चालवली. पदर आणि काठ शाबूत आहेत, मधून साडेतीन इंच गेले. तेही नेमके रफूवरचे, बघ माझा हात! लुगडं जळलं तेव्हा काकू मला एका शब्दानं बोलल्या नाहीत गं. उलट दुसऱ्या दिवशी मला हाक मारून अनारसा दिला होता. तो मी तुला दाखवून दाखवून खाल्ला.

आता तू म्हण की आईनंच काकूंकडून दोरा मागून आणला असेल. म्हणशील? तुझ्या तोंडून आलं तर मी विश्वास ठेवीन.

तुझ्या सुनेची बदली झाली का? डोळ्याचं ऑपरेशन उरकून टाक, पावसाळ्याची वाट बघू नकोस. पिंट्याला आशीर्वाद.

गोधडीच्या पाठीला बाबांची एम्प्रेस मिलची चादर लावते आहे. भोंगा गेला, तिथे मॉल आला, चादर विरत नाही. बाकी आठ चौकोन जोडून झालेत, आता पाव इंचावर खूण करून. मधला नुसता टाचणीनं लावून ठेवला आहे. फोन करू नकोस, तू रडशील आणि कूलरच्या आवाजात मला काही ऐकू यायचं नाही. पत्रच टाक.

तुझी,
शोभी