बिलात परस्पर लावलेल्या सर्व्हिस चार्जबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : बिलात न विचारता लावलेला ६४८ रुपयांचा सर्व्हिस चार्ज आणि त्यावरून वेटरला टेबलाशी उभे करून दिलेली वागणूक

महोदय,

गेल्या रविवारी रात्री आम्ही सात जण आपल्या पुण्यातील शाखेत जेवायला आलो होतो. आईला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली, त्यानिमित्त. जेवण चांगले होते, त्याबद्दल तक्रार नाही. आमच्या टेबलावर जो मुलगा होता त्याच्याबद्दल तर मुळीच नाही. आईच्या बऱ्याचशा दाढा आता राहिलेल्या नाहीत. आम्ही काही बोलायच्या आत त्या मुलाने ते ओळखले आणि म्हणाला, "आजींसाठी फुलके सांगतो, रोटी चावायला जड जाईल. भाजी पण कमी तिखट करायला लावतो." फुलके त्याने कापडात गुंडाळून, दोन-दोन करून आणले, म्हणजे गार होऊन वातड व्हायला नकोत. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. पुढे जे झाले त्यात त्याचा काडीचाही दोष नव्हता, हे आपल्या कागदावर यायला हवे.

बिल आले. जेवणाचे ६,४८० रुपये. त्याखाली "सर्व्हिस चार्ज १० टक्के", ६४८ रुपये. मग या दोन्हींची बेरीज करून त्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी, ३५६ रुपये ४० पैसे. एकूण ७,४८४ रुपये ४० पैसे. सर्व्हिस चार्ज नसता तर हेच बिल ६,८०४ रुपये झाले असते. म्हणजे ६४८ रुपये आपण परस्पर लावले आणि त्यावरचा ३२ रुपये ४० पैसे करही आमच्याच माथी मारला. मेनू कार्डावर याचा उल्लेख नव्हता, दारात पाटी नव्हती, ऑर्डर घेताना कोणी बोलले नव्हते.

मी मॅनेजरना हा चार्ज काढायला सांगितले. ते म्हणाले, "ताई, तो आमच्या स्टाफलाच जातो. तुम्ही काढायला लावलात तर पोरांच्या पोटावर पाय येतो." मी म्हटले, पोराला काय द्यायचे ते मी माझ्या हाताने देणार आहे, तुम्ही बिल दुरुस्त करा. त्यावर त्यांनी त्या मुलाला हाक मारली आणि सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडमना तुझी सर्व्हिस आवडली नाही, चार्ज काढायला सांगतायत."

तो मुलगा हातातला ट्रे घेऊन तसाच उभा राहिला. आईकडे बघून म्हणाला, "आजी, माझं काही चुकलं का?"

आईच्या डोळ्यांत पाणी आले. मी पूर्ण रक्कम भरली, कारण त्या मुलाला आणखी एक मिनिटही तिथे उभे ठेवणे मला शक्य नव्हते. बिलाच्या फोल्डरमध्ये पाचशेची नोट ठेवून आम्ही उठलो. दारापाशी वळून पाहिले तेव्हा मॅनेजर तो फोल्डर उचलून काउंटरच्या ड्रॉवरमध्ये टाकत होते. ती नोट त्या मुलाला मिळाली का, याचे उत्तर मला हवे आहे.

ही गोष्ट मी सोडून का देऊ शकत नाही, तेही सांगते. माझे वडील दादरच्या एका हॉटेलात अठ्ठावीस वर्षे वेटर होते. रात्री अकराच्या पुढे घरी यायचे, खिसे उलटे करून चिल्लर पितळी ताटलीत ओतायचे. चार आणे, आठ आणे, क्वचित रुपया. आई नाण्यांच्या चवडी लावायची. आमच्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्या चवडींतून यायचे. पण ताटलीत पडायचे ते सगळे नसायचे. मोरीत भांडी घासणाऱ्याचा आणि पोळ्या लाटणाऱ्या बायकांचा वाटा हॉटेलातच बाजूला काढून मग बाबा निघायचे. ती वाटणी सगळे मिळून ठरवत, मालक त्यात पडत नसे. तेव्हा "सर्व्हिस चार्ज घेतला नाही तर किचनमधल्यांना काही मिळत नाही" हे कारण मला सांगू नये. ज्यांना मिळायला हवे त्यांना बाबांच्या वेळेला मिळत होते.

टीप कशी द्यावी याबद्दल बाबांचे ठाम मत होते. हातात देऊ नये, बडीशेपेच्या बशीत ठेवावी आणि उठावे. सलामाची वाट बघत बसू नये. हातात दिली की घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते. बशीतली उचलताना घालावी लागत नाही. सुट्टे नसतील तर "पुढच्या वेळी देतो" असे म्हणू नये, दोन शब्द चांगले बोलून जावे. आणि वेटरला "शुक शुक" करून बोलावणाऱ्याने बशीत दहाची नोट ठेवली तरी तिचा आनंद होत नाही, असे ते म्हणायचे. आता सगळे जण फोनवरून पैसे भरतात, खिशात रोकड नसते, आणि पोरांची बशी रिकामी राहते. म्हणून मी पर्समध्ये पन्नासच्या आणि शंभरच्या नोटा वेगळ्या ठेवते. माझ्यासारखे बरेच जण ठेवतात. सक्तीने दहा टक्के कापून घेतल्यावर मात्र त्यातले बहुतेक लोक, टीप दिलीच आहे असे समजून, हात आखडता घेतील. तोटा शेवटी त्या मुलाचाच.

आता कायद्याचे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी याबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. हॉटेलांनी सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात धरायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावाने घ्यायचा नाही, तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचे, आणि जेवणाच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटी लावायचा नाही. सेवेचे मोल पदार्थाच्या किमतीतच धरलेले असते, असेही त्यात म्हटले आहे. हॉटेलचालकांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या, मार्गदर्शक तत्त्वे कायम ठेवली आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरायला सांगितले. आपल्यासारख्या कंपनीला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

कर्मचाऱ्यांना जास्त पैसे द्यायचे असतील तर जरूर द्यावेत. पगार वाढवा, त्यासाठी भाजीची किंमत वीस रुपयांनी वाढवली तरी मी कुरकुर न करता देईन, कारण ती मेनू कार्डावर छापलेली असेल आणि मी ती वाचून ऑर्डर दिलेली असेल.

माझ्या मागण्या अशा. ६८० रुपये ४० पैसे मला परत करावेत. त्या शाखेत सर्व्हिस चार्ज आपोआप लावणे थांबवावे आणि थांबवल्याचे मला लेखी कळवावे. आजवर गोळा केलेल्या चार्जपैकी कर्मचाऱ्यांच्या हातात किती पडतो, तेही कळवावे. मॅनेजरनी त्या मुलाची, त्याच टेबलांसमोर जमले नाही तरी निदान सहकाऱ्यांसमोर, माफी मागावी. ही मागणी मला रकमेपेक्षा महत्त्वाची आहे. मी त्याचे नाव या पत्रात लिहिलेले नाही, ते विचारलेत तरी सांगणार नाही. या तक्रारीमुळे त्या शाखेतल्या कुणाचीही पाळी बदलली किंवा काम गेले असे कानावर आले, तर तेही मी पुढच्या तक्रारीत लिहीन.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि बिलाच्या प्रतीसह जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करेन.

आईने एक निरोप सांगितला आहे, तो त्या मुलापर्यंत पोचवावा : फुलके मऊ होते, आणि त्याचे काहीही चुकले नव्हते.

कळावे,
आपली एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, मागे माझे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक