बाबांच्या मुंगसाच्या प्रश्नाचं उत्तर

अमामी ओशिमा बेट, जपान,
जून

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी इथल्या सापांचं सांगत होते, तेव्हा "मग तिथले लोक मुंगसं का नाही सोडत?" एवढं बाबांचं ऐकू आलं आणि रेंज गेली. पुन्हा लावला तेव्हा तुम्ही झोपला होतात. तसंही फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यावर आई बोलते (रागावू नकोस), म्हणून म्हटलं लिहूनच काढावं.

बाबा, सोडली होती. तोच तर सगळा घोळ आहे.

इथला विषारी साप म्हणजे हबू. आपल्या चापड्याच्या गोतातला, पण वाढला तर दोन मीटरच्याही पुढे जातो. १९७९ साली कुणाच्या तरी डोक्यात तुमचीच कल्पना आली आणि तीसेक मुंगसं इथं सोडली गेली. ती आणली ओकिनावा बेटाहून, आणि ओकिनावात ती १९१० मध्ये गंगेच्या मुखाकडून आणलेली. म्हणजे आपल्याकडचीच की! परसात दिसतं ते नव्हे, त्याचं धाकटं चुलत भावंड.

पण हबू रात्री हिंडतो आणि हे मुंगूस दिवसा. एकाची रात्रपाळी, दुसऱ्याची दिवसपाळी, गाठ पडणार कधी? आयतं मिळतंय तर सापाच्या नादी कोण लागतं? मुंगसांनी इथले बेडूक, पक्षी आणि काळे ससे फस्त करायला सुरुवात केली. हा काळा ससा जगात फक्त या बेटावर आणि शेजारच्या तोकुनोशिमावर आहे. आखूड कानांचा, ठेंगणा. लांबून घूसच वाटते. त्याने मुंगसासारखं जनावर कधी पाहिलेलंच नव्हतं.

२००० सालापर्यंत तिसाची दहा हजार झाली असावीत, असा अंदाज आहे. २००५ मध्ये 'मुंगूस बस्टर्स' नावाचं पथक उभं राहिलं. डोंगरभर सापळे लावले, वास काढणारी कुत्री तयार केली. शेवटचं मुंगूस २०१८च्या एप्रिलमध्ये सापडलं. तरी आणखी सहा वर्षं खात्री करून घेतली आणि ३ सप्टेंबर २०२४ला बेट मुंगूसमुक्त झाल्याचं जाहीर केलं. तोवर पकडलेल्यांचा आकडा बत्तीस हजारांच्या वर गेला होता. बाबा, लहानपणी तुम्ही सांगायचात त्या गोष्टीत बाळाला वाचवणारं मुंगूस हकनाक मरतं आणि मी दर वेळी रडायचे. ही बत्तीस हजारही हकनाकच गेली, असं मला वाटतं. त्यांना बोटीत घालून आणलं कुणी?

आता ससे वाढलेत, तर नवी कटकट. रात्री रस्त्यावर येतात आणि गाडीखाली सापडतात. शिवाय तांकान नावाच्या संत्र्याच्या झाडांची साल कुरतडतात. आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या घरची बाग आहे. ती म्हणते, "जगातला दुर्मीळ प्राणी आहे हे मला मान्य आहे, पण माझ्याच झाडाला का?"

आता आईसाठी. हो, मी हबू पाहिलाय. मागच्या महिन्यात, रात्री आठच्या सुमारास, गटाराच्या कडेला. जाड दोरीचं वेटोळं पडलंय असं वाटलं, आणि त्या दोरीने डोकं वळवलं. मी मागे सरले, बस, एवढंच. नियम साधे आहेत: रात्री टॉर्च, रस्त्याच्या मधोमध चालायचं, गवतात पाय नाही, दगडी कुंपणाच्या फटीत हात नाही. गल्लीत विजेच्या खांबांना लांब काठ्या टेकवून ठेवलेल्या असतात, कुणीही उचलाव्यात. दवाखान्यात सापाच्या विषावरचं औषध असतं. आणि जिवंत हबू सरकारी कचेरीत नेऊन दिला की तीन हजार येन मिळतात. (नाही, मी पकडणार नाहीये.) उसाच्या फडात तो उंदरांमागे येतो. शेजारच्या आजी तर म्हणतात की हबूच्या भीतीने माणसं जंगलात शिरली नाहीत, म्हणूनच जंगल राहिलं.

खरा वैताग सापाचा नाहीच, वाळवीचा आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी दमट संध्याकाळी तिला पंख फुटतात आणि दिव्यावर ढग उतरावा तशी येते. मग अख्खी गल्ली दिवे मालवून बसते. गेल्या आठवड्यात मी अंधारात दही-भात खाल्ला. आजींच्या अंगणात तेवढा एक दिवा, त्याखाली पाण्याने भरलेली परात. सकाळी परातीत नुसते पंख आणि पंख. भिंतीवरच्या पालींनी मात्र पोटभर जेवून घेतलं. आई, इथल्या पालीसुद्धा बोलता बोलता मधेच चुकचुकतात, आणि मी सवयीने "कृष्ण कृष्ण" म्हणते.

आणि ती जांभळी रताळी मी टोकियोच्या दादाला पाठवू शकत नाही. त्यातला सोंडकिडा बाहेर पसरू नये म्हणून कच्चं रताळं बेटाबाहेर न्यायलाच बंदी आहे. तेव्हा त्याने एकादशीला वाट बघू नये.

तर आई, "तिथून बदली करून घे" हे तू तीनदा म्हणालीस. या वर्षी तरी नाही. मुलं आत्ता कुठे माझ्याशी बोलायला लागलीयत.

एक राहिलंच. शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. संध्याकाळी काठी घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत आणि ती सापासाठी आहे, असं सगळ्यांना सांगतात. चढावर ती कशासाठी वापरतात ते मी रोज बघते. बाबा, डॉक्टरांनी सांगितलेली काठी अजून दाराआडच आहे, असं आई म्हणाली. फिरायला जाताना न्या. कुणी विचारलं तर सापासाठी आहे म्हणा.

तुमची,
मनू