झेवियर यांचे जपान म्हणजे सात्सुमा

महोदय,

जुने गोवे येथील स्मारकांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मनापासून आवडला. मात्र संत फ्रान्सिस झेवियर 'पुढे जपानला गेले' एवढ्यावर त्यांचा तो प्रवास त्यात आटोपला आहे, आणि आपल्याकडे तो नेहमी असाच आटोपला जातो, याची खंत वाटते म्हणून हे पत्र.

१५ ऑगस्ट १५४९ रोजी झेवियर उतरले ते क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकाला, सात्सुमा प्रांतातील कागोशिमा येथे. जपानमध्ये तेव्हा एकछत्री अंमल नव्हता. ज्याचा मुलूख त्याची सत्ता, अशी स्थिती होती. त्यामुळे धर्मप्रसाराला परवानगी दिली ती तेथील सरदार शिमाझू ताकाहिसा यांनी, आणि साधारण वर्षभरात धर्मांतरावर बंदी घातली तीही त्यांनीच.

पण सात्सुमाच का? याचे उत्तर गोव्यात सापडते. अंजिरो नावाचा सात्सुमाचा एक माणूस हातून खून झाल्यामुळे पोर्तुगीज जहाजातून पळाला, मलाक्क्यात (आजच्या मलेशियातील बंदर) झेवियर यांना भेटला, १५४८ साली गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला आणि येथील सेंट पॉल कॉलेजात तो शिकला. झेवियर उतरले ते त्याच्याच मुलखात, त्याला सोबत घेऊन. त्या कॉलेजची आज रस्त्याकडेची कमान तेवढी उरली आहे. पुढे सात्सुमाचाच बर्नार्दो झेवियर यांच्याबरोबर गोव्याला आला व येथून पोर्तुगालला गेला. युरोपात पोहोचलेला पहिला ज्ञात जपानी तोच.

या प्रांताचा भूगोल समजून घेतल्याशिवाय त्याचा इतिहास कळत नाही. सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड ज्वालामुखी उद्रेकाने तेथे पांढुरक्या राखेचे जाड थर पसरले, ज्यांना 'शिरासु' म्हणतात. आपण खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीत, बांध घालून पाण्याला आवर घालतो; तेथे उलट पाणी मुरून जाते, टिकतच नाही, आणि मोठा पाऊस झाला की कडे ढासळतात. भात जेमतेम, म्हणून अठराव्या शतकात र्‍यूक्यू बेटांतून (आजचे ओकिनावा) आलेल्या रताळ्याने तेथील गरिबांना जगवले. कागदोपत्री या संस्थानाचे उत्पन्न ७ लाख ७० हजार कोकूंच्या (कोकू हे तांदळाचे माप) आसपास, म्हणजे देशात दुसऱ्या क्रमांकाचे होते. प्रत्यक्षात जमीन कमी पिकणारी आणि सामुराई मात्र लोकसंख्येच्या जवळपास चौथाई. अशा प्रांताची नजर समुद्राकडे वळली नसती तरच नवल. १६०९ मध्ये शिमाझूंनी र्‍यूक्यूचे राज्य जिंकले आणि बाकीच्या देशाचा परदेशी व्यापार जखडलेला असताना त्या वाटेने चीनशी व्यापार चालू ठेवला. त्या जिंकलेल्या राज्याच्या प्रजेवर यात अन्यायच झाला, हेही सांगितले पाहिजे.

१८६३ मध्ये इंग्रज आरमाराने कागोशिमावर तोफा डागल्या, तर दोनच वर्षांत याच सात्सुमाने आपले तरुण इंग्लंडला शिकायला धाडले. शोगुनची (लष्करी शासकाची) राजवट जाऊन सम्राटाच्या नावे सत्ता आली, त्या १८६८ च्या सत्तांतरात तो अग्रभागी होता. १८७१ मध्ये संस्थाने खालसा झाली, आणि १८७७ मध्ये सात्सुमाचे सामुराई नेते सायगो ताकामोरी यांचे नव्या सरकारविरुद्धचे बंड कागोशिमातच मोडले गेले.

आपण या विषयावर स्वतंत्र लेख द्यावा आणि त्यासोबत गोवा, मलाक्का व कागोशिमा दाखवणारा नकाशा छापावा, ही विनंती. शाळांच्या सहली झेवियर यांचे शव असलेल्या बासिलिकेपर्यंत येतात; शिक्षकांनी मुलांना त्या कमानीपाशीही न्यावे आणि अंजिरोची हकिगत तेथे सांगावी.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, फोंडा